सातव्या ठिकाणची ओहोटी

आमच्या गॅलरीत एक गमबूट आहे. एकच, डाव्या पायाचा. आईने त्यात माती भरून ओवा लावलाय आणि ओव्याला ती जागा चांगलीच मानवली आहे. शेजारच्या काकूंना भजी करायची असली की त्या बेल वाजवून विचारतात, "बुटातली चार पानं घेऊ का गं?" उजव्या पायाचा बूट कल्याणच्या पुढे, उल्हास खाडीच्या चिखलात आहे. त्याला आता वर्ष होत आलं.

कार्तिक लागला की आमच्याकडे, बदलापूरच्या मांजर्लीत, सकाळी नदीवरून धुकं सरकत येतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्याच्या भिंतीवर जुन्या पुराची एक मातकट रेघ आहे. धुकं बरोबर त्या रेघेपर्यंत चढून थांबतं, असं मला दरवर्षी वाटतं. यंदा ते धुकं पाहिलं आणि आधी पायांना आठवलं. पायाच्या बोटांमधून वर येणारा तो थंड, गुळगुळीत चिखल. मागचा सगळा हिवाळा मी त्या चिखलात काढला. त्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. जमेल का, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे असं लिहायचं कसं हे विचारायलाही कोणी नाही. आठवतं तसं लिहिते.

बदलापूरला समुद्र नाही. समुद्र म्हणजे वर्षातून एकदा पाहुणे आले की चौपाटीवर जाऊन पाहायची गोष्ट, अशीच माझी समजूत होती. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पेडणेकर मॅडमनी ती एका तासात मोडली. त्यांनी फळ्यावर खडूने एक वाकडीतिकडी रेघ काढली. घाटातून निघालेली, कर्जतवरून बदलापूरला आलेली. मग अंबरनाथकडून येणारी वालधुनीची बारीक रेघ कल्याणजवळ तिला नेऊन जोडली आणि पुढे खडू आडवा धरून एक रुंद पट्टा ओढला. "ही खाडी," त्या म्हणाल्या. "वरून गोडं पाणी येतं, खालून खारं. तुमच्या नदीतले मोठे झिंगे अंडी सोडायला इथवर खाली जातात. पिल्लं मोठी होत होत पुन्हा वर चढतात. बाळंतपणाला माहेरी जावं ना, तसं."

मी वहीत झिंगा काढला. मग मागच्या पानावर आमची इमारत काढली, तिच्यामागची नदी काढली. त्या नदीतून समुद्रापर्यंत कोणीतरी ये-जा करतं आणि मला अठरा वर्षं त्याचा पत्ताच नाही, याचं मला नवल वाटलं. थोडी लाजही वाटली.

त्या वेळी मॅडम आणि आणखी दोन-तीन कॉलेजांतले शिक्षक मिळून खाडीकाठाचा एक आराखडा करत होते. कुठला भाग सगळ्यांत आधी जपायला हवा, कुठे माशांची पिल्लं वाढतात, कुठे थंडीतले पाहुणे पक्षी उतरतात, हे सगळं नकाशावर रंगवून जिल्ह्याच्या बैठकीत मांडायचं होतं. हिरवा रंग म्हणजे काहीही झालं तरी हात लावायचा नाही. पिवळा म्हणजे फारसं काही नाही, वेळ आलीच तर भराव चालू शकेल. पण रंगवण्याआधी मोजायला हवं, आणि मोजायला माणसं हवीत. आम्ही अकरा जणांनी नावं दिली. दोघादोघांना एकेक ठिकाण, उरलेला एक मॅडमबरोबर; बाकीची ठिकाणं दुसऱ्या कॉलेजांकडे. मला आणि करिश्माला सातवं ठिकाण आलं.

करिश्मा उल्हासनगरची. तिच्या पप्पांचं पाइपचं दुकान आहे. मोजणीसाठी मीटरभर लांबीरुंदीची एक चौकट लागते. ती चिखलावर टाकायची आणि तिच्या आत जे असेल तेवढंच मोजायचं. मॅडम स्वतः मापं घेऊन दुकानात आल्या होत्या. करिश्माच्या पप्पांनी पांढरा पाइप कापला, चार कोपऱ्यांना एल्बो बसवले आणि चौकट हातात धरून तिच्यातून आमच्याकडे बघत विचारलं, "मॅडम, ये खिड़की लगानी किधर है?"

"खाडीत," मॅडम म्हणाल्या.

"खाड़ी में खिड़की! काँच भी दे दूँ साथ में?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. इतकं शिकलेलं माणूस दुकानाच्या पायरीवर बसून असं हसू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चिखल चाळायला त्यांनी पिठाची चाळणच घेतली होती, बोहारणीकडून जुन्या साड्यांवर. "यंत्रं येतील तेव्हा येतील," म्हणाल्या, "किडे तोवर थांबणार आहेत का?"

खरं सांगायचं तर त्या दिवसांतली मी म्हणजे नुसती डोलणारी मान होते. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, पण बरोबर दुसऱ्या कॉलेजचे शिक्षक होते म्हणून इंग्रजीत. त्यात भरतीच्या वेळेबद्दल काहीतरी होतं. मुंबई बंदराचं वेळापत्रक, आणि मग कुठलीशी दुरुस्ती. तो 'करेक्शन' शब्द मला ऐकू आला. वहीच्या चुका तपासतात तसलं काहीतरी असेल, असं वाटलं. विचारावं असं मनात आलं होतं. पण पुढच्या बाकावरची मुलं भराभर लिहून घेत होती. मीही मान डोलावली.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. पौर्णिमेनंतर आणि अमावास्येनंतर दोन दिवसांनी ओहोटी खूप खाली जाते, म्हणून तेच दिवस धरले होते. करिश्मा मला कल्याणला भेटायची. तिथून शेअर रिक्षा, मग बांधावरून चालत. तिवरांच्या पानांवर मिठाचे बारीक कण असायचे. एकदा करिश्माने पान चाटून पाहिलं आणि म्हणाली, "यार, ये तो तयार चकना है!" उन्हं नुकती येत असायची. लांब कुठेतरी तुतवार पक्षी पाण्याच्या कडेने तुरुतुरु धावायचे, मधेच थांबून चोच खुपसायचे. आम्ही फोनवर ओहोटीची वेळ पाहिलेली असायची, साडेसात. सव्वासातला आम्ही काठावर हजर. बांधाखाली चिखलाची एक अरुंद पट्टी उघडी असायची, जरा कडक, भेगाळलेली. तिच्यावर चौकट टाकायची आणि मोजायचं.

मोजायला फारसं काही नसायचंच. एखादं बीळ. क्वचित एखादी निवटी. निवटी म्हणजे डोळे थेट टाळूवर असलेला आणि परांवर रेलून चिखलावर सरकणारा मासा. पाहिला की वाटतं, याचं अजून पाण्यात राहायचं की जमिनीवर, हे ठरलेलं नाही. मला त्याच्याबद्दल उगाच आपलेपणा वाटायचा. पण आमच्या तक्त्यात त्याच्यापुढे बहुतेक वेळा शून्यच यायचं. बिळं एक, शून्य, शून्य. शिंपल्या शून्य. शेवटच्या रकान्यात 'माणसांचा वावर' असं होतं. मॅडमनी सांगितलं होतं, दिसेल तेच लिहायचं. कोणीच दिसायचं नाही. मी लिहायचे, 'नाही'. साडेआठला चौकट धुऊन आम्ही निघायचो, कारण साडेदहाला प्रॅक्टिकल असायचं.

हा 'नाही' मी ज्या सुटकेने लिहायचे, ते इथे सांगायला हवं. सांगावंसं वाटत नाही, पण हवं.

त्याच बांधाच्या पलीकडच्या गावात माझी आत्या राहते. हिराआत्या, बाबांची थोरली बहीण. आमचं मूळ गावही तिथलंच. आजोबांचं तिथे मिठागर होतं. ते गेलं, बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही बदलापूरला आलो. आत्या खाडीवर जाते, निवट्या आणि चिंबोऱ्या धरते, बाजारात विकते. मी शाळेत असताना ती महिन्यातून एकदा आमच्याकडे यायची, डोक्यावर पाटी घेऊन, दोन जिने चढून. जिन्यात वास राहायचा. एकदा वर्गातली एक मैत्रीण नाक दाबून म्हणाली होती, "शी, कोणाकडे आलंय हे?" मी म्हटलं होतं, "माहीत नाही." आत्या तेव्हा आमच्या दारात चप्पल काढत होती. तिने ऐकलं की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पाटीतली सगळ्यांत मोठी चिंबोरी तिने त्या दिवशीही माझ्यासाठी वेगळी काढली होती.

तर सातवं ठिकाण आलं तेव्हा ते आत्याच्या गावाजवळ आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही. मॅडमना नाही, करिश्माला नाही. बांधावरून जाताना ओढणी तोंडावर घ्यायचे. थंडीमुळे, असं म्हणायचे. आणि आत्या कधी दिसली नाही की मला बरं वाटायचं.

माघातल्या बीजेला करिश्माला उशीर झाला. "सॉरी यार, रात को चचेरी बहन की शादी थी, नींद ही नहीं खुली." आम्ही बांधावर पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. ओहोटी कधीच होऊन गेली असणार, आजची फेरी वाया गेली, असं बोलत बोलत आम्ही तिवरं ओलांडली.

आणि समोर खाडीच नव्हती.

म्हणजे होती, पण फार लांब, एक चमकती पट्टी होऊन. आमच्या पायापासून त्या पट्टीपर्यंत नुसता चिखल उघडा पडला होता. करडा, ओला, उन्हात माशाच्या अंगासारखा लकाकणारा. आणि तो हलत होता. आधी मला वाटलं, माझेच डोळे दुखताहेत. मग कळलं, त्या निवट्या होत्या. शेकडो असतील, जास्तही असतील. उड्या मारत, भांडत, पाठीवरचे पंखे उघडत मिटत. एक तांबडा नांगा उचललेल्या बारीक खेकड्यांची रांगच्या रांग. तुतवार होते, चिखल्या होते, एक लांब वाकड्या चोचीचा मोठा पक्षी होता. त्याचं नाव मला अजून येत नव्हतं. तीन महिने ज्या जागेपुढे मी शून्य लिहीत होते, ती ही जागा.

"अपन गलत जगह आ गए क्या?" करिश्मा हळूच म्हणाली.

चिखलात सात-आठ बायका होत्या. साड्या वर खोचलेल्या, कोपरापर्यंत हात बिळांत. त्यातल्या एकीने मान वर केली, कपाळावर चिखलाचा हात आडवा धरला आणि ओरडली, "कोन गो ती? आमची शुभी का काय?"

मी पळणार होते. खरंच. पण उजवा पाय उचललाच नाही. चिखलाने बूट धरला होता. मी जोर लावला, पाय बाहेर आला आणि बूट आतच राहिला. एका पायावर उभी राहून मी हात हलवत होते आणि बायका हसत होत्या.

"दुसराही काढ," आत्या जवळ येत म्हणाली. ती चिखलावरून अशी आली, जशी आई ओट्यापासून देवघरापर्यंत जाते. "चिखलात बूट कोन घालतं? पाय सपाट टाक. घाई नको करूस. तो घाई करनाऱ्यालाच धरतो."

मी तिला चौकट दाखवली, तक्ता दाखवला. आम्ही कधी येतो ते सांगितलं. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी कार्तिकापासना येतंस? नि आत्याच्या घरी एक दिवस चा नाय घेतलास?"

करिश्मानेच मधे पडून सांगितलं, "आंटी, हम साडेसात को आते थे ना. ओहोटी का टाइम. तब तो सब बंद रहता है."

"साडेसात?" आत्या दुसऱ्या बायकांकडे वळली. "आयकलंस का गो, यांची ओहोटी साडेसातला!" पुन्हा हसू. मग तिने चिखलाचा हात पुढे केला आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मला हिशेब सांगितला. आज बीज. तिथीची पाऊणपट करायची. दोनाचे दीड. दीड वाजता मुंबईला भरती, म्हणून त्याच्या सहा तास आधी, साडेसातला, मुंबईला ओहोटी. "पन ती मुंबईची. तिकडं पानी उतारलं तरी हिकडचं अजून वाटंवरच असतंय. एवडी वळनं घेऊन जायाचं हाय त्याला. आपल्याकडं पानी दोन-अडीच तास उशिरा उतरतंय. तुझ्या आज्याचं मिठागर याच हिशेबावर चालायचं बाय. तुला कोनी सांगितलं नाय?"

कोणी सांगितलं नाही असं कसं म्हणू? मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेच ते करेक्शन. आणि मॅडमनी नसतं सांगितलं, तरी माझ्या बाबांना, आजोबांना, या आत्याला ते पाठ होतं. मी फोनवर मुंबई बंदर बघत बसले.

त्या दिवशी प्रॅक्टिकल बुडलं. आत्याने आम्हाला बिळं दाखवली. हे निवटीचं, तोंडाशी चिखलाची कड असलेलं. हे चिंबोरीचं, आडवं. हे सापाचं, इथे हात घालायचा नाही. मी विचारलं, कसं ओळखतेस? ती म्हणाली, "तू अक्षर कसं वळखतंस?" एका बिळातून तिने भलीमोठी चिंबोरी काढली, उलटी करून पोट पाहिलं आणि पुन्हा तिथेच सोडली. पोटाशी अंडी होती. चिखलाच्या दक्षिणेकडच्या मऊ भागात बायका जातच नव्हत्या. "तिथं बारकी वाढतात," आत्या म्हणाली, जणू शेजारच्या घरात बाळ झोपलंय. मॅडम ज्याला आराखडा म्हणत होत्या, तो या बायका पायांनी पाळत होत्या. हे मला तेव्हाच नीट सुचलं असं नाही. तेव्हा मी फक्त बघत होते. नंतर आत्याच्या पडवीत चहा प्यायलो. करिश्माने निवट्यांचं सुकं दोनदा मागून घेतलं. तिचे आजोबा सिंधमधल्या नदीवर चढून येणाऱ्या पल्ल्याच्या गोष्टी सांगतात म्हणे. आत्या म्हणाली, आमच्या आज्याच्या वेळेला या खाडीतही यायचा तो. मग दोघी बराच वेळ, करिश्मा हिंदीत आणि आत्या आपल्या बोलीत, एका न पाहिलेल्या माशाबद्दल बोलत बसल्या.

पुढच्या सोमवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत लांब टेबलावर नकाशा पसरलेला होता. मॅडमनी सगळ्यांचे आकडे घालून पहिला मसुदा रंगवला होता. खाडी निळी, काठाने हिरवे तुकडे. सातव्या ठिकाणी पिवळा. स्वच्छ, सारखा भरलेला पिवळा, कडेपर्यंत. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: जीवसंख्या अत्यल्प, माणसांचा वावर नाही.

तो 'नाही' माझाच होता. मॅडमनी नुसतं उतरवून घेतलं होतं. आत्या, तिच्याबरोबरच्या बायका, त्यांनी न तुडवलेला तो मऊ भाग, सगळं मी एका शब्दात पुसलं होतं. आणि बैठक पंधरा दिवसांवर होती.

करिश्माने मला खिडकीपाशी ओढलं. "देख, मत बोल. सर्टिफिकेट जाएगा. रिपोर्टमध्ये नाव येणारे आपलं. कोण जाऊन बघणारे तिथे?" ती वाईट मुलगी नाही. तिलाही भीती वाटत होती, एवढंच. मला तर जास्तच. छापलेल्या पुस्तकात माझं नाव येणार, हे बाबांनी कारखान्यातल्या सगळ्यांना सांगून झालं होतं. आमच्या आडनावाचं कोणी याआधी छापून आलेलं नव्हतं, लग्नपत्रिका सोडली तर.

मी टेबलापाशी परत गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "मॅडम, मला करेक्शन म्हणजे काय ते कळलं नव्हतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. मुंबईची वेळ, चिखलाची पट्टी, बूट, आत्या. ओढणीचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती तरी. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, "आणखी कोणाला करेक्शन कळलं नव्हतं?"

मागून एक हात वर आला. आणखी एक. चौथ्या ठिकाणचा मुलगा, जो पुढच्या बाकावर बसून भराभर लिहून घ्यायचा, त्याचा हातही.

मी व्हाइटनर काढलं होतं. मॅडमनी ते माझ्या हातातून घेऊन खणात टाकलं. "चूक पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी कारण लिहायचं, तारीख, सही." आणि माझ्या तिन्ही महिन्यांच्या तक्त्यांवर त्यांनी पट्टी धरून, पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने रेघा मारल्या. समासात मी कारण लिहिलं. त्याच्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: वेळेची दुरुस्ती विद्यार्थ्यांना नीट समजली की नाही, हे मी तपासलं नाही. आणि सही केली, माझ्या सहीच्या खाली.

माणसाचा मोठेपणा कशात असतो, हे मला सांगता येणार नाही. पण कधीही कोणी विचारलं तर मला ती सही दिसेल.

संध्याकाळी घरी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. "म्हणजे नाव नाही येणार?"

"या वर्षी नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "अक्का भेटली म्हणतेस?"

"हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने, आईला ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि पाऊणपट मला विचारायची ना! मी काय फोनपेक्षा लांब होतो?"

बैठकीला मॅडम मला घेऊन गेल्या. मी मागच्या खुर्चीवर बसले होते, पर्स मांडीवर घट्ट धरून. भिंतीवर नकाशा आला. त्यावर हिरवे तुकडे होते, पिवळे होते, आणि तीन ठिकाणी नुसता पांढरा कागद. एका साहेबांनी विचारलं, "हे पांढरं काय आहे? रंग संपला का?" लोक हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "तिथलं आम्हाला अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही चुकीच्या वेळी मोजलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजू. तोवर या जागांना कोणताही रंग देऊ नये, अशी विनंती आहे."

माहीत नाही, हे इतक्या ताठ मानेने म्हणता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर ते मान डोलावून लपवत आले होते. पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणालं, पिवळं धरून चाला, बदल नंतर करता येईल. मॅडम पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच आवाजात. शेवटी तीन जागा पुढच्या बैठकीपर्यंत पांढऱ्या ठेवायचं ठरलं. तेवढंच. त्या जागा हिरव्या झाल्या नाहीत, हे मी लिहून ठेवते, कारण नंतर आठवणीत सगळं जास्त चांगलं होतं.

आता तो पुढचा हिवाळा आला आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या बीजेला आमची पहिली फेरी झाली. तक्ता नवा आहे. मॅडमनी त्यात एक रकाना वाढवलाय: 'वेळ कोणी सांगितली'.

आदल्या संध्याकाळी मी आत्याकडेच राहायला गेले होते. सकाळी साडेसातला जाग आली तेव्हा ती चुलीपुढे निवांत बसली होती. मी म्हटलं, "निघायचं ना?" ती म्हणाली, "बस. मुंबईला उतारतंय आता." साडेआठला भाकरी झाली. नऊला करिश्मा आली, गमबूट न घालता, उल्हासनगरच्या नव्या जीन्सचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून. साडेनऊला आत्या उठली, साडी खोचली, पाटी घेतली. बांधावर उभी राहून तिने थोडा वेळ नुसतं पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चला."

पाय सपाट टाकत मी चिखलात उतरले. चौकट टाकली. तिच्या आत काय नव्हतं! मी मोजायला लागले की निवट्या एका कोपऱ्यातून उडी मारून बाहेर, दुसऱ्यातून आत. बिळं एकाला लागून एक. करिश्मा पेन घेऊन उभी. "कितना लिखूँ? जल्दी बोल, हाथ अकड़ गया."

"थांब."

"अंदाज से बोल ना."

"अंदाजे नको. थांब."

आत्या चौकटीचा एक कोपरा धरून उकिडवी बसली होती. तक्त्याकडे बोट करून तिने विचारलं, "तितं काय लिवलंय, पयलं?"

"तुझं नाव," मी म्हटलं. "पूर्ण. वेळ तू सांगितलीस म्हणून." आणि तिच्या चिखलाच्या बोटाखाली कागद धरला. शेजारी 'माणसांचा वावर' हा रकाना होता. त्यात मी 'आहे' लिहिलं होतं, आणि पुढे त्या चिखलात असलेल्या प्रत्येक बाईचं नाव.

आत्याने बोट कागदाला लावलं नाही. जरा वर, हवेतच, तिने ते त्या ओळीवरून सावकाश फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चौकट पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"माझं नाव लिवलंस ना?" ती म्हणाली. "मंग आता नीट मोज, बाय."

मी पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.